डक्ट कूलरच्या नळीची घरगुती सफाई

डक्ट कूलरच्या, म्हणजे गच्चीवर बसवून नळीतून खोलीत गार हवा सोडणाऱ्या कूलरच्या, पत्र्याच्या नळीत साचलेली धूळ, क्षार, वुडवूलचा (कूलरच्या जाळ्यांत भरलेल्या लाकडाच्या धाग्यांचा) भुसा आणि पाखरांची घरटी वर्कशॉपमधल्या साधनांनी घरच्या घरी काढण्याचे काम. नागपुरात ते होळी ते गुढीपाडवा या दिवसांत, कूलर सुरू करण्याआधी करून घेणे सोयीचे पडते. कूलरची टाकी धुतली, जाळ्या बदलल्या, पंपाला तेल-पाणी केले म्हणजे कूलर झाला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. नळीकडे मात्र खोलीत धुळीचा वास येऊ लागल्यावरच लक्ष जाते, आणि तोवर महिनाभर तीच हवा घरातल्यांच्या छातीत गेलेली असते.

नागपूरच्या उन्हाळ्यात हवा कोरडी असते, म्हणूनच इथे कूलर चालतो. पाण्याची वाफ होताना ती हवेतील उष्णता ओढून घेते. हवा जितकी कोरडी, तितका गारवा अधिक. बाहेर 45 अंश सेल्सिअस तापमान आणि 15 टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्यातला तापमापक 24 अंशांच्या आसपास थांबतो; पाण्याने हवा गार होण्याची ती मर्यादा. चांगल्या जाळीचा कूलर त्या दिशेने पाऊण वाट सहज कापतो आणि खोलीत तिशीच्या आतबाहेरची हवा सोडतो. 23 मे 2013 रोजी शहरात 47.9 अंशांची नोंद झाली होती. अशा दिवसांत आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कूलर ही चैन राहत नाही. पूर्वी दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडत. पुढे खिडकीत बसणारा लोखंडी कूलर आला. खिडक्या मोकळ्या राहाव्यात आणि एकाच यंत्रातून दोन-तीन खोल्या गार व्हाव्यात म्हणून कूलर गच्चीवर किंवा सज्ज्यावर गेला, आणि तिथून खोलीच्या झरोक्यापर्यंत गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेल्या) पत्र्याची चौकोनी नळी आली.

ही नळी बाहेरून दिसते तितकी साधी नसते. कूलरच्या पंख्यातून हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषारही येतात. ते आतल्या पत्र्यावर वाळले की क्षाराचा पांढरा थर राहतो. बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांत तो जास्त जाड असतो. त्या खरखरीत थरावर धूळ बसते, ओली होते, पुन्हा वाळते. दोन-तीन उन्हाळे न उघडलेली नळी कोपरावर, म्हणजे ती गच्चीवरून खोलीकडे वळते तिथे, उघडून पाहावी. राखाडी नमद्यासारखा एक पापुद्रा नखाने सोलून निघतो. त्यात वुडवूलचे पिवळे धागे विणल्यासारखे अडकलेले असतात, आणि पापुद्र्याची पत्र्याकडची बाजू चुन्यासारखी पांढरी असते. पावसाळ्यापासून फाल्गुनापर्यंत नळी रिकामी पडून असते. तेवढ्यात साळुंकी किंवा पारवा तिथे संसार थाटून जातो.

सफाईसाठी लागणारी साधने बहुतेक फॅब्रिकेशनच्या किंवा सुतारकामाच्या दुकानात असतातच: ओला-कोरडा व्हॅक्यूम क्लीनर, ड्रिल मशीन आणि तिला लावायचा, आट्यांनी जोडलेल्या लांब कांड्यांचा नायलॉनचा गोल ब्रश. असा ब्रश नसेल तर जाळी-जळमटे काढायचा, लांब दांड्याचा गोल झाडू पुरतो, आणि सरळ, आखूड नळीत तो ड्रिलपेक्षा हाताला अधिक कळतो. पत्र्यासाठी तारेचा ब्रश कधीही वापरू नये. नळीचा पत्रा जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो, आणि त्याला गंजापासून वाचवणारा जस्ताचा थर त्याहून कितीतरी पातळ. तारेने क्षार जातो, त्याबरोबर जस्तही जाते, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथे तांबूस ठिपके दिसू लागतात. शौचालय साफ करायच्या ॲसिडचे तेच. क्षार फारच घट्ट असेल तर लिंबूसत्त्वाचे पातळ पाणी फडक्याने लावावे, दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुसून काढावे आणि पत्रा पूर्ण वाळू द्यावा.

यंत्र किती ताकदीचे आहे यापेक्षा धूळ कोणत्या दिशेने जाणार, हे या कामात आधी ठरवावे लागते. बहुतेकांचा हात आधी ब्लोअरकडे किंवा गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरकडे जातो, आणि इथेच काम बिघडते. सात-आठ बार दाबाची हवा पापुद्रा उडवते खरी, पण उडालेली धूळ झरोक्यातून गाद्यांवर, कपाटांवर, देव्हाऱ्यावर येऊन बसते. सांधे ढिले असतील तर तेही उकलतात. काहीजण घासून झाल्यावर कूलरचाच पंखा लावतात. त्याचा झोत घराकडेच असतो, त्यामुळे परिणाम तोच.

उलट करावे. कूलरची पिन बोर्डातून काढून ठेवावी. नुसते बटन बंद करणे पुरेसे नाही. खोलीतली जाळी उतरवून झरोक्याभोवती प्लास्टिकचा कागद चिकटपट्टीने लावावा आणि त्यात फक्त ब्रशचा दांडा जाईल एवढी चीर ठेवावी. व्हॅक्यूम गच्चीवर, कूलरच्या बाजूला ठेवावा. साध्या फिल्टरमधून अतिबारीक धूळ परत बाहेर पडते; ती गच्चीवर पडलेली बरी. मग खोलीकडून गच्चीकडे घासत न्यावे.

इथे एक हिशेब ध्यानात घ्यावा. 45 सेंटिमीटर चौरस नळीचे तोंड सुमारे 0.2 चौरस मीटर असते. वर्कशॉपमधला व्हॅक्यूम मिनिटाला 3 घनमीटर हवा ओढतो असे धरले, तर एवढ्या रुंद नळीत हवेचा वेग सेकंदाला पाव मीटर होतो. सुतारकामाच्या कारखान्यात भुसा नळ्यांतून वाहून नेण्यासाठी सेकंदाला 20 मीटरच्या आसपास वेग ठेवतात. म्हणजे व्हॅक्यूमचा पाइप टोकाला नुसता लावून ठेवला तर दूरवरचा कचरा हलणारसुद्धा नाही. पाइपला काठी बांधून त्याचे तोंड ब्रशच्या वीतभर पुढे सरकवत न्यावे लागते. एकाने खोलीतून घासायचे, दुसऱ्याने वरून ओढायचे. हे दोघांचेच काम आहे.

ड्रिलवर ब्रश लावला असेल तर ती सावकाश आणि एकाच, म्हणजे उजव्या दिशेने फिरवावी. उलटी फिरवली की कांड्यांचे आटे सुटतात आणि ब्रश कोपरात अडकून राहतो. मग तो काढायला नळीच उघडावी लागते. ओला गाळ ओढायचा असेल तेव्हा व्हॅक्यूममधला कागदी फिल्टर काढून स्पंजचा लावावा. कागदी फिल्टर ओला झाला की त्याचा लगदा होतो.

पारव्याचे घरटे निघाले तर सगळे थांबवून आधी पाणी मारावे. वाळलेल्या विष्ठेची पूड श्वासातून गेल्यास बुरशीजन्य आजार होऊ शकतात, आणि पारव्यांच्या विष्ठेतल्या-पिसांतल्या प्रथिनांमुळे काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. साबणाचे पाणी फवारून, भिजू देऊन, खरवडून ती पिशवीत बांधावी. एन-95 मास्क आणि हातमोजे याच टप्प्यासाठी आहेत. तोंडाला बांधलेला दुपट्टा इथे कामाचा नाही. घरात दम्याचा रुग्ण असेल तर त्याला तेवढा दिवस दुसरीकडे पाठवावे. घरट्यात अंडी किंवा पिल्ले असतील तर पिल्ले उडून जाईपर्यंत कूलर सुरू करणे लांबवावे.

घरातल्या हवेच्या नळ्या स्वतः साफ करण्याची पद्धत अमेरिका-कॅनडाकडे अधिक रूढ आहे. तिथे भट्टीत तापलेली हवा पत्र्याच्या नळ्यांतून खोल्याखोल्यांत जाते आणि परतीच्या नळ्यांतून पुन्हा भट्टीकडे येते. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था अशी सफाई दरवर्षी करण्याचा सल्ला देत नाही. बुरशी, उंदीर-कीटक किंवा खोलीत पडण्याइतका कचरा दिसला तरच करावी, असे ती सांगते. तिथली धूळ कोरडी असते आणि बरीचशी पत्र्याला चिकटून पडून राहते. नागपूरच्या नळीला परतीची वाट नसते. ती सगळी हवा बाहेरून घेते आणि हंगामभर ओलसर राहते. त्यामुळे तो सल्ला इथे जसाच्या तसा लावता येत नाही. इथे वर्षातून एकदा नळी उघडून पाहणे रास्त आहे, घासणे मात्र पाहिल्यावर ठरवावे.

सफाई झाली की पत्र्यातली भोके बाहेरून एम-सीलने (मळून लावायच्या, वाळून घट्ट होणाऱ्या लांबीने) बुजवावीत आणि कूलर पाण्याविना अर्धा तास चालवून पाहावा, खोलीच्या तोंडाला ओले पातळ फडके बांधून. फडक्यावर काय येते ते पाहिले की काम कुठे राहिले ते कळते. त्यानंतरच टाकी भरावी. टाकीच्या भिंती मात्र ब्रशने घासलेल्या हव्यात: डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या रेषेच्या वर, ओल्या भिंतीला अंडी चिकटवतो, आणि ती पाणी नसतानाही अनेक महिने तग धरतात. जूनच्या अखेरीस पाऊस लागून हवा दमट झाली की कूलरचा उपयोग संपतो. त्याच आठवड्यात टाकी कोरडी करून नळीच्या गच्चीकडच्या तोंडाला बारीक लोखंडी जाळी बसवावी. पोत्याचा बोळा कोंबण्याची रीत घरोघरी आहे, पण पोते भिजते, कुजते आणि साळुंकीला घरट्यासाठी काड्यांबरोबर सुतळीही पुरवते.