गर्भावस्थेतील अपस्मारविरोधी औषधयोजना

अपस्मार (आकडी, फिट, फेफरे, मिरगी) असलेल्या स्त्रीला गर्भधारणेपूर्वीच्या काळापासून प्रसूतीनंतरच्या काही आठवड्यांपर्यंत कोणते आकडीविरोधी औषध, किती मात्रेत आणि कोणत्या देखरेखीखाली द्यावे, यासंबंधीची वैद्यकीय पद्धती. अशा बहुसंख्य स्त्रियांना निरोगी मूल होते व गोळ्या चालू ठेवणे हाच सर्वसाधारण नियम आहे. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब वाढून प्रथमच येणारे झटके (गर्भाक्षेपक) हा वेगळा विकार होय. त्यावर मॅग्नेशियम सल्फेट हेच प्रमुख औषध असून ते डायझेपाम व फेनिटॉइन यांपेक्षा सरस असल्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसून आले. त्या विकाराचा विचार येथे केलेला नाही.

आकडीवरील पहिले खऱ्या अर्थाने गुणकारी औषध एका प्रसूतितज्ज्ञाने पुढे आणले, ही गोष्ट सहसा नोंदवली जात नाही. व्हिक्टोरिया राणीचे प्रसूतिवैद्य चार्ल्स लोकॉक यांनी १८५७ च्या सुमारास लंडनमधील एका वैद्यकीय सभेत, मासिक पाळीच्या वेळी येणाऱ्या आकडीवर पोटॅशियम ब्रोमाइड वापरल्याचे सांगितले. त्यानंतर फेनोबार्बिटल (१९१२), फेनिटॉइन (१९३८) आणि गेल्या शतकाच्या सातव्या दशकात कार्बामाझेपिन व सोडियम वाल्प्रोएट अशी औषधे आली. गर्भावर त्यांचा काय परिणाम होतो, हा प्रश्न मात्र गर्भवतींनी घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे मुलांत व्यंगे आल्याच्या दुर्घटनेनंतरच (१९६१) गांभीर्याने विचारला गेला.

दोष आजाराचा की औषधाचा, हा वाद पुढे सुमारे चार दशके चालला. डीटर यान्त्स व फुक्स यांनी १९६४ मध्ये जर्मनीतील प्रसूतींचा आढावा घेऊन औषधांमुळे व्यंगे लक्षणीय वाढत नाहीत असे मत दिले. १९६८ मध्ये इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांनी आकडीची औषधे घेणाऱ्या मातांच्या मुलांत दुभंगलेले ओठ व टाळू आढळल्याचे पत्राद्वारे कळवले. १९७५ मध्ये हॅन्सन व स्मिथ यांनी फेनिटॉइनशी निगडित लक्षणसमूह वर्णिला. त्यात बसके नाक, बोटांची खुरटी टोके व नखे आणि खुंटलेली वाढ यांचा समावेश होता. विरोधी पक्षाचे म्हणणे असे की, अपस्मार आनुवंशिक असू शकतो, झटक्यांत गर्भाला प्राणवायू कमी पडतो आणि औषधे ज्यांचा आजार तीव्र त्यांनाच दिली जातात. तेव्हा दोष एकट्या औषधाच्या माथी मारता येत नाही.

या वादाला निर्णायक वळण लुईस होम्स व सहकाऱ्यांच्या २००१ मधील अभ्यासाने मिळाले असे म्हणता येईल. बॉस्टन परिसरातील पाच रुग्णालयांत १,२८,०४९ गर्भवतींची छाननी करून त्यांनी तीन गट केले: औषध घेणाऱ्या, पूर्वी आकडी येऊन गेलेल्या पण औषध न घेणाऱ्या, आणि आकडीचा इतिहास नसलेल्या. मोठी व्यंगे, खुंटलेली वाढ व चेहरा-बोटांतील बारीक दोष यांपैकी काहीतरी असण्याचे प्रमाण तिसऱ्या गटात ८.५ टक्के, तर एक औषध घेणाऱ्यांत २०.६ टक्के होते. मधल्या गटात ते तिसऱ्यापेक्षा जास्त आढळले नाही. मधल्या गटाचा आजार मुळातच सौम्य होता, हा आक्षेप पूर्णपणे खोडता येत नाही. तरीही मात्रा वाढवली की धोका वाढतो, हे नंतर वारंवार दिसल्यामुळे आज बहुतेक अभ्यासक औषधाकडेच बोट दाखवतात. एका मुलात व्यंग आढळल्यास त्याच मातेच्या पुढील मुलातही त्याची शक्यता वाढते, त्यामुळे आनुवंशिक कलाचा वाटाही नाकारला जात नाही.

औषधांची परस्पर तुलना शक्य झाली ती गर्भावस्था-नोंदवह्यांमुळे, म्हणजे औषध घेणाऱ्या गर्भवती व त्यांची मुले यांच्या पद्धतशीर नोंदींमुळे. ब्रिटन (१९९६), उत्तर अमेरिका (१९९७) येथील नोंदवह्यांपाठोपाठ १९९८ मध्ये तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत केरळची नोंदवही सुरू झाली. भारतीय स्त्रियांविषयीची माहिती मुख्यतः तिच्यातूनच मिळते. ‘युरॅप’ या आंतरराष्ट्रीय नोंदवहीच्या २०१८ मधील अहवालानुसार एकच औषध घेतलेल्या मातांच्या मुलांत मोठ्या व्यंगांचे प्रमाण वाल्प्रोएट १०.३, फेनोबार्बिटल ६.५, फेनिटॉइन ६.४, कार्बामाझेपिन ५.५, टोपिरामेट ३.९, लॅमोट्रिजीन २.९ व लेव्हेटिरासेटाम २.८ टक्के असे आढळले. सर्वसाधारण लोकसंख्येत हे प्रमाण २ ते ३ टक्के धरले जाते. वाल्प्रोएटची मात्रा दिवसाला १,४५० मिग्रॅ.च्या वर गेल्यास आकडा २५ टक्क्यांवर जातो. लॅकोसामाइड, ब्रिव्हॅरासेटाम यांसारख्या नव्या औषधांबाबत निष्कर्ष काढण्याइतक्या नोंदी अद्याप जमलेल्या नाहीत.

वाल्प्रोएटचा इतिहास स्वतंत्र नोंदीचा विषय ठरावा. १८८२ मध्ये बनवलेला हा द्रव पदार्थ अनेक वर्षे प्रयोगशाळेत केवळ द्रावक म्हणून वापरला जाई. १९६२ च्या आसपास फ्रान्समध्ये इतर रसायनांची चाचणी चालू असताना गुण रसायनांचा नसून द्रावकाचाच असल्याचे लक्षात आले. १९८२ मध्ये लियाँच्या एलिझाबेथ रोबेर यांनी त्याचा मणक्याच्या दुभंगाशी संबंध दाखवला. मीडॉर व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सहा वर्षांच्या मुलांची बुद्धिमापन चाचणी प्रसिद्ध केली. गर्भावस्थेत वाल्प्रोएटशी संपर्क आलेल्यांचा सरासरी बुद्ध्यांक ९७, तर लॅमोट्रिजीनच्या गटाचा १०८ भरला. युरोपीय औषध संस्थेने २०१८ मध्ये, खात्रीची गर्भनिरोधन योजना असल्याखेरीज प्रजननक्षम वयातील स्त्रीला हे औषध देऊ नये असा निर्बंध घातला. मात्र काही प्रकारच्या अपस्मारात दुसरे काहीच लागू पडत नाही. अशा वेळी ते शक्य तितक्या कमी मात्रेत दिले जाते.

हा सारा निर्णय गर्भधारणेपूर्वी घ्यावयाचा असतो, आणि व्यवहारात अडते ते येथेच. मज्जारज्जूची नलिका गर्भधारणेपासून सुमारे २८ दिवसांत मिटते. पाळी चुकल्याचे ध्यानात येईपर्यंत त्यातील निम्मा काळ सरलेला असतो. तेव्हा घाबरून गोळ्या एकदम बंद केल्यास झालेले नुकसान भरून निघत नाहीच, उलट झटके वाढून माता व गर्भ दोघांच्या जिवाला धोका संभवतो. हा निर्णय वेळीच न होण्यामागे लग्न ठरवताना आजार लपवण्याची प्रथा हे आपल्याकडील एक कारण होय. गोळ्यांची डबी सासरी कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून कपाटात साड्यांच्या घडीत राहते, आणि नेमक्या गोळ्या चुकतात. हिंदू विवाह अधिनियमातील (१९५५) विवाहाच्या अटींमधला अपस्माराचा उल्लेख १९९९ च्या दुरुस्तीने वगळला गेला. समजुती तितक्या लवकर बदलल्या नाहीत.

गर्भारपणात औषधाची रक्तातील पातळी घटते. लॅमोट्रिजीनच्या बाबतीत हे सर्वांत ठळक आहे, कारण इस्ट्रोजेन वाढल्याने यकृत ते झपाट्याने निकामी करते. पातळी गर्भधारणेपूर्वीच्या ६५ टक्क्यांखाली गेल्यास झटके वाढतात असे आढळले आहे. म्हणून गर्भधारणेपूर्वी एकदा व नंतर दर महिन्याला किंवा तिमाहीला, सकाळची गोळी घेण्याआधी रक्त तपासून मात्रा वाढवली जाते. फेनिटॉइनसाठी एकूण पातळीऐवजी मुक्त (प्रथिनाला न चिकटलेल्या औषधाची) पातळी पाहावी, कारण रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन कमी झालेले असते. पेनेल व सहकाऱ्यांच्या २०२० मधील अभ्यासात ७४ टक्के गर्भवतींची मात्रा बदलावी लागली. मात्र झटके वाढण्याचे प्रमाण त्यांच्यात २३ व गर्भवती नसलेल्यांत २५ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच राहिले.

महाराष्ट्रात पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यानंतर माहेरी जाण्याची रीत असल्याने नेमक्या या काळात डॉक्टर, प्रयोगशाळा आणि कधी गोळीचा ब्रँडही बदलतो. जुने तपासणी-अहवाल सोबत नसल्यास नवी पातळी कशाशी ताडून पाहायची, हा प्रश्न उरतो. ग्रहण पाळताना किंवा उपवासाच्या दिवशीही गोळी चुकवू नये.

फॉलिक आम्ल गर्भधारणेपूर्वीपासून द्यावे यावर एकमत आहे, मात्रेवर नाही. भारतात ५ मिग्रॅ.ची गोळी रूढ आहे. २०२२ मधील नॉर्डिक अभ्यासात मोठ्या मात्रेचा मुलांतील कर्करोगाशी संबंध दिसल्यापासून काही तज्ज्ञ ०.४ मिग्रॅ.पासून पुढे मध्यम मात्रेकडे झुकले आहेत. १८ ते २० आठवड्यांदरम्यान व्यंगशोधक सोनोग्राफी करतात.

अपस्मार हे सिझेरियनचे कारण नव्हे. मात्र प्रसूती रुग्णालयातच व्हावी व कळा चालू असतानाही गोळ्यांची वेळ पाळावी. नवजात बालकाला के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देतात. प्रसूतीनंतर लॅमोट्रिजीनची पातळी दोन-तीन आठवड्यांत पूर्वपदावर येते. वाढवलेली मात्रा वेळीच कमी न केल्यास चक्कर, दुहेरी दिसणे व तोल जाणे ही विषबाधेची लक्षणे उद्भवतात आणि ती बाळंतिणीचा अशक्तपणा समजून दुर्लक्षिली जातात. जागरण टाळण्यासाठी रात्रीचे एखादे दूध काढून ठेवून घरातील दुसऱ्याने पाजावे. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालण्याचे काम आईने एकटीने करू नये. स्तनपानाला बहुतेक औषधांचा अडसर नाही. फेनोबार्बिटल घेणाऱ्या मातेचे मूल सारखे पेंगत असेल, दूध ओढत नसेल किंवा त्याचे वजन वाढत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.