सौंदर्यशास्त्राच्या ऑनलाइन नियतकालिकाला शोधलेख पाठवताना : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

अंबरनाथचे शिवमंदिर, वारली चित्रे, नवी मुंबईच्या रंगवलेल्या भिंती: ठाणे परिसरातल्या अभ्यासकाला विषयांचा तोटा नाही. तरी लेख परीक्षकापर्यंत न पोहोचता संपादकाच्या टेबलावरूनच परत येतो. कारण पुष्कळदा अगदी किरकोळ असते. फाइलमध्ये नाव राहिलेले असते, चित्राची परवानगी नसते किंवा मराठी शब्दांचे रोमन रूप पानागणिक बदललेले असते.

पदवीची अट सहसा नसते. परीक्षण दुहेरी अनामिक असते, म्हणजे लेखक कोण हे परीक्षकाला कळत नाही आणि परीक्षक कोण हे लेखकाला. संस्थेच्या रकान्यात ‘स्वतंत्र अभ्यासक, ठाणे’ एवढे लिहिले तरी चालते. ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाचा ओळखक्रमांक, आधीच काढून ठेवा. तो सोळा अंकी असतो आणि मोफत मिळतो. नाव मात्र एकदाच ठरवा. एका लेखात वडिलांचे नाव पूर्ण, दुसऱ्यात नुसते आद्याक्षर, असे झाले की सूचीत दोन वेगळे लेखक तयार होतात.

नियतकालिक निवडताना घाई नको. ‘कंटेम्पररी एस्थेटिक्स’ २००३ पासून ऑनलाइन निघते आणि वाचकांना खुले आहे. त्याचे जुने अंक चाळले तरी लेखाचा घाट लक्षात येतो. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे ‘केअर लिस्टेड’ या जाहिरातीला आता अर्थ नाही. पीएच.डी.साठी शोधलेख छापण्याची सक्तीही यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत राहिलेली नाही. तरी आपल्या विद्यापीठाचा नियम विचारून घ्या. ‘सात दिवसांत प्रकाशन, एवढे पैसे भरा’ असा मेल आला तर तो सरळ पुसावा.

लागणारी कागदपत्रे अशी: नाव नसलेला मूळ लेख, लेखकाची माहिती असलेले वेगळे शीर्षकपान, साधारण १५० ते २०० शब्दांचा गोषवारा, पाचेक सूचकशब्द, चित्रांच्या स्वतंत्र फाइली, चित्रांखाली छापायच्या ओळी आणि परवानगीपत्रे. शब्दमर्यादेत टिपा धरतात की नाही, हे त्या त्या नियतकालिकाच्या सूचनांत पाहा.

नाव काढणे म्हणजे पहिल्या पानावरचे नाव खोडणे, एवढेच नव्हे. वर्डमध्ये ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ चालवून गुणधर्मांतले लेखकाचे नाव, शेरे आणि ट्रॅक चेंजेस काढा. मार्गदर्शकाने दिलेल्या शेऱ्यात त्यांचे नाव राहिले तर विद्यापीठ ओळखू येते. ‘माझ्या आधीच्या लेखात मी दाखवले आहे’ हे वाक्य तृतीय पुरुषात फिरवा. ऋणनिर्देश आता नको. लेख स्वीकारला गेल्यावर जोडता येतो. फाइलचे नावही तपासा. आडनाव असलेली फाइल पाठवणारे बरेच असतात.

सर्वांत जास्त वेळ चित्रांना जातो. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये वारले, त्यांची चित्रे मोकळी आहेत; हुसेन २०११ मध्ये गेले, त्यांच्यासाठी वारसांची परवानगी हवी. संग्रहालयाने काढलेला फोटो वापरायचा तर संग्रहालयाच्या अटी वेगळ्या लागू होतात. वास्तूचा किंवा सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पाचा फोटो छापायला कलम ५२ मोकळीक देते, म्हणून अंबरनाथच्या मंदिराचा स्वतः काढलेला फोटो सोपा पडतो. भिंतीवरच्या चित्राचे तसे नाही; त्या सवलतीत चित्रांचा उल्लेख नाही. चित्रकार शोधून दोन ओळींचे लेखी पत्र घ्यावे, त्यात ‘ऑनलाइन, जगभर, कायमस्वरूपी’ हे शब्द असावेत. समीक्षेसाठी न्याय्य वापराची तरतूद आहे खरी, पण संपादक पत्रच मागतो.

मग मराठी शब्द. स्टेशनजवळच्या डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलेला मजकूर नियतकालिकाच्या यंत्रणेत खुणांचा ढिगारा होतो. आधी युनिकोडमध्ये आणा. रोमन लिप्यंतराची एकच पद्धत धरा. आयएसओ १५९१९ या पद्धतीत ‘ळ’साठी एल अक्षराखाली टिंब येते, संस्कृतवाल्यांच्या आयएएसटी पद्धतीत तीच खूण ‘ऌ’ या स्वराला दिलेली आहे. दोन्ही मिसळल्या की वाचक चकतो. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारातल्या ‘लय’ला नुसते ‘ऱ्हिदम’ म्हणून पुढे जाऊ नका; त्यांच्याकडे संवाद, विरोध आणि समतोल असे लयीचे तीन प्रकार आहेत, म्हणून मूळ शब्द ठेवून पहिल्या वापरालाच खुलासा करावा. मराठी ग्रंथाचे नाव लिप्यंतरात आणि त्याचा अर्थ चौकटी कंसात, असे लिहितात.

लेख भरणे त्यामानाने सोपे. अनेक नियतकालिके ‘ओपन जर्नल सिस्टिम्स’ ही संगणकप्रणाली वापरतात: खाते उघडा, फाइली चढवा, लेखक व गोषवारा भरा, संपादकासाठी टीप द्या, तपासून पाठवा. एकच लेख एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नये. साम्यतपासणी, म्हणजे मजकूर दुसऱ्यांच्या लिखाणाशी किती जुळतो याची तपासणी, आधी स्वतः करून घ्या. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानलेले आहे. एआयची मदत घेतली असेल तर सांगा. एआयला लेखक म्हणून नाव देता येत नाही.

‘सुधारून पुन्हा पाठवा’ हे उत्तर नकार समजू नये. प्रत्येक शेऱ्याखाली उत्तर आणि बदललेल्या परिच्छेदाचा क्रमांक असे पत्र जोडा. जो शेरा पटला नाही, तो का पटला नाही तेही लिहा. गप्प राहिलेले चालत नाही. शेवटचे प्रूफ संगणकावर पाहा आणि फोनवरही, कारण वेबपानावर उतरताना अक्षरांखालची टिंबेच आधी गळतात.