उदाहरण समजणं वेगळं, सोडवता येणं वेगळं

"वर्गात सगळं समजलं होतं, पेपरात मात्र काही सुचलंच नाही." मुख्य विषय समाजशास्त्र, पत्रकारिता किंवा मानसशास्त्र, आणि पदवीसाठी गणिताचा एक पेपर सक्तीचा म्हणून गळ्यात पडलेला, अशा मुलामुलींकडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की पुढचं वाक्यही मला पाठ झालंय: "मला गणिताचं डोकंच नाही." डोक्याचा विषय बाजूला ठेवू, कारण या पेपराला लागणारं डोकं कॉलेजपर्यंत पोचलेल्या प्रत्येकाकडे असतं. गडबड पहिल्या वाक्यात आहे. 'समजलं होतं' हे खरंच आहे, पण परीक्षेत समजलंय का हे कुणी विचारतच नाही. तिथे दुसरीच गोष्ट विचारतात, आणि तिचा सराव बहुतेकांनी एकदाही केलेला नसतो.

समजणं म्हणजे काय हे तुम्हाला चांगलं माहीत आहे. फळ्यावर एकामागून एक पायऱ्या येतात, वरच्या ओळीतून खालची कशी निघाली ते पटतं, मान डोलते. इतर विषयांत तुम्ही हेच करत आलात आणि तिथे ते बऱ्यापैकी चालतंही. सिद्धांत समजला की आपल्या शब्दांत चार पानं लिहिता येतात. गणितात समजलेलं उदाहरण आपल्या शब्दांत लिहून मार्क मिळत नाहीत, कारण पेपरात येणारं उदाहरण वेगळं असतं.

समजणं आणि सोडवता येणं यांतले काही फरक किरकोळ आहेत, ते आधी उरकून टाकतो. सोडवताना हात चालवावा लागतो, बघताना लागत नाही. सोडवताना कंस सुटतात, उणे चिन्ह हरवतं, कॅल्क्युलेटरवर घातांक चुकीच्या जागी पडतो. या चुका होतात आणि हाताला सवय झाली की कमीही होतात. यांना 'सिली मिस्टेक' म्हणून मिरवण्याची एक पद्धत आहे, ती मला अजिबात आवडत नाही. ज्या पेपरात निम्मे मार्क गेले तिथे सगळं 'सिली' नव्हतं. खरं कारण बघायचं नसलं की हा शब्द कामी येतो.

आता खरा फरक. सोडवता येण्यात दोन कामं असतात: कोणती पद्धत लावायची ते ठरवणं, आणि ठरलेली पद्धत शेवटपर्यंत चालवणं. वर्गात आणि पुस्तकात पहिलं काम दुसऱ्याच कुणीतरी केलेलं असतं. धड्याचं नाव 'चक्रवाढ व्याज' आहे म्हटल्यावर खालच्या वीसही उदाहरणांत चक्रवाढीचंच सूत्र लागणार. तुम्ही फक्त आकडे उचलून सूत्रात टाकता, उत्तर जुळतं, आणि वाटतं की आलं. जुडग्यातली नेमकी किल्ली काढून कुणी हातात दिली की कुलूप उघडणं कुणालाही जमतं. पेपरात अख्खा जुडगा हातात येतो.

हे नुसतं बोलून पटत नाही, म्हणून तीन प्रश्न शेजारी शेजारी ठेवतो. चक्रवाढ व्याज तिन्हींत महिन्याला १ टक्का, मुदत १२ महिने.

पहिला: आज १२,००० गुंतवले, तर वर्षाअखेर किती होतील? दुसरा: वर्षाअखेर १२,००० साठवायचे आहेत, तर दर महिन्याच्या शेवटी किती टाकावे लागतील? तिसरा: आज १२,००० कर्ज घेतलं आणि ते वर्षभरात समान मासिक हप्त्यांत फेडायचं आहे, तर हप्ता किती?

तिन्हींत तेच आकडे आहेत. १२,००० आहे, १ टक्का आहे, १२ आहे. आकडे बघून सूत्र निवडणारा इथेच सापडतो, कारण आकडे काहीच सांगत नाहीत. उत्तरं अशी: पहिल्यात सुमारे १३,५२१.९०, दुसऱ्यात दरमहा ९४६.१९, तिसऱ्यात दरमहा १,०६६.१९. दुसरं आणि तिसरं जरा थांबून बघा. हप्त्यांमधला फरक बरोबर १२० आहे, म्हणजे १२,००० चा १ टक्का. हा योगायोग नाही. कर्ज घेणाऱ्याच्या हातात पूर्ण रक्कम पहिल्या दिवशी येते, साठवणाऱ्याच्या हातात ती शेवटच्या दिवशी येते. रक्कम आधी वापरायला मिळाली, त्याचं दरमहाचं भाडं १२०. दर आणि मुदत बदलून पाहा. मूळ रक्कम तीच ठेवलीत, तर दोन हप्त्यांतला फरक दरवेळी एका महिन्याच्या व्याजाएवढाच येईल.

मग निवड कशावरून करायची? दोन प्रश्नांवरून, आणि दोन्ही साध्या भाषेतले आहेत. पैसे एकदाच हलतात की दरमहा हलतात? एकदाच हलत असतील तर साधं चक्रवाढीचं सूत्र, विषय संपला. दरमहा हलत असतील तर दुसरा प्रश्न: ती मोठी रक्कम सुरुवातीला आहे की शेवटाला? शेवटाला असेल तर बचत, सुरुवातीला असेल तर कर्ज. एवढं ठरलं की उरतं ते कॅल्क्युलेटरचं काम. पण गंमत अशी की पोरं सूत्रांचा तक्ता भिंतीवर चिकटवतात, आणि हे दोन प्रश्न मात्र कुठेच लिहून ठेवत नाहीत. परीक्षेत अनेक ठिकाणी सूत्रांचा तक्ता छापूनच मिळतो. हे प्रश्न मिळत नाहीत.

हाच प्रकार इतर धड्यांतही आहे. दहा सदस्यांतून अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार निवडायचे तर ७२० प्रकार होतात. त्याच दहांतून तिघांची समिती नेमायची तर १२०. दोन्ही वाक्यांत 'निवडायचे' किंवा 'नेमायचे' असलं काहीतरी येणारच, त्यामुळे क्रियापद बघून पर्म्युटेशन (क्रम धरून मोजणं) की कॉम्बिनेशन (क्रम न धरता मोजणं) हे ठरत नाही. विचारायचं ते असं: निवडलेल्या तिघांची आपसांत अदलाबदल केली तर काही बदलतं का? अध्यक्ष आणि खजिनदार बदलले तर बदलतं. समितीत काही बदलत नाही. 'अरेंज असेल तर हे, सिलेक्ट असेल तर ते' ही जी युक्ती गाइडांमधून फिरत असते, ती पहिल्या वळणदार प्रश्नाला गळून पडते.

टक्क्यांचं तर विचारूच नका. तळ्यातले मासे २० टक्क्यांनी घटून ९६० उरले, तर आधी किती होते? भराभर ९६० चे २० टक्के काढून मिळवले जातात आणि ११५२ असं उत्तर येतं. ११५२ मधून २० टक्के वजा करून बघा, ९२१.६ येतात. बरोबर उत्तर १२००, कारण घटलेले २० टक्के जुन्या संख्येचे होते, नव्या नव्हे. इथे गुणाकार सगळ्यांना येतो. 'कशाचे टक्के?' हे ठरवणं येत नाही. संभाव्यतेतही हेच. २०० विद्यार्थ्यांत ८० मुली, ५० खेळाडू, आणि त्यांपैकी २० मुली खेळाडू. मुलींमधल्या खेळाडू २५ टक्के, खेळाडूंमधल्या मुली ४० टक्के, सगळ्यांत मिळून खेळाडू मुली १० टक्के. अपूर्णांकात वरती प्रत्येक वेळी २०च आहेत, खाली काय घ्यायचं हाच सगळा प्रश्न आहे.

आता लोक म्हणतात, "पण मी सराव केला होता, प्रत्येक धड्याची सगळी उदाहरणं सोडवली होती." केली असतीलही. धड्याप्रमाणे केलेला सराव हा दुसऱ्या कामाचा, म्हणजे पद्धत चालवण्याचा सराव आहे. पहिल्या कामाचा त्यात जवळजवळ नसतोच. डग रोहरर आणि केली टेलर या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात कॉलेजच्या विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं होतं. एका गटाने एकेका आकृतीची उदाहरणं सलग सोडवली, दुसऱ्याने चारही सरमिसळ करून सोडवली. सरावाच्या वेळी सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर होती आणि सरमिसळवाल्यांची फक्त ६० टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर आले, आणि सरमिसळवाले ६३ वर.

या आकड्यांतला ८९ सगळ्यात फसवा आहे. तो मिळवणाऱ्या मुलाला आपल्याला विषय येतो असं मनापासून वाटत असणार, आणि ६० वाला घरी वैतागून जाणार. पेपराच्या आदल्या आठवड्यात गुळगुळीत चाललेला अभ्यास बघितला की मला म्हणूनच धास्ती वाटते. अडखळत चाललाय? चांगलं आहे, चालू ठेवा.

याचा अर्थ सोडवलेली उदाहरणं वाचणं फुकट, असा काढू नका. उलट टोकाला जाणारेही भेटतात. "उत्तर बघायचंच नाही" म्हणत एकाच उदाहरणावर रात्र काढतात. धडा नवा असताना सोडवलेली उदाहरणं नीट अभ्यासणं जास्त फायद्याचं. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर या संशोधकांनी १९८५ मध्ये बीजगणितावर हेच दाखवलं होतं, की नवशिके अशा तऱ्हेने कमी वेळात शिकतात. चूक ती पुढची, म्हणजे तिथेच मुक्काम ठोकण्याची. दोन-तीन उदाहरणं वाचली की पुस्तक बंद करायचं आणि तेच उदाहरण कोऱ्या कागदावर उतरवायचं. न बघता. मधेच अडलं तर एक ओळ बघायची आणि परत बंद. वही उघडी ठेवून 'सोडवणाऱ्या'ला मी सोडवणारा म्हणत नाही, तो नक्कल करतोय. आणि दुप्पट वेगाने व्हिडिओ बघणं हा अभ्यासाचा प्रकार आहे असं ज्याला वाटतं, त्याने व्हिडिओ थांबवून पुढची ओळ आपणच लिहून बघावी. किती ओळी जमतात ते लगेच कळेल.

मिसळलेला सराव कुठून आणायचा, ही अडचण खरी आहे, कारण बहुतेक पुस्तकं धड्याधड्यानेच बांधलेली असतात. सोपा मार्ग असा. प्रत्येक धड्यातली दोन-तीन उदाहरणं वेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहा, धड्याचं नाव न लिहिता. मागच्या बाजूला पान क्रमांक. चिठ्ठ्या पिसा. आणि मग एक चिठ्ठी काढून ती सोडवू नका. फक्त एक ओळ लिहा: इथे काय लावायचं आणि कशावरून. 'मोठी रक्कम सुरुवातीला आहे, दरमहा फेड आहे, म्हणून कर्जाचं सूत्र.' एवढंच. आकडेमोडीला हात लावायचा नाही. ज्या वेळात एक अख्खं उदाहरण सुटतं त्यात अशी सहा-सात होतात, आणि यातला प्रत्येक मिनिट त्या कामावर जातो जे तुम्ही टाळत आला आहात. सगळ्यांत आधी 'म्हणून'च्या अलीकडचा भाग लिहा. तो लिहिता येत नसेल तर सूत्र बरोबर आलं तरी ते नशिबाने आलंय.

तपासलेला पेपर हातात आला की एकूण मार्क बघून तो दप्तरात कोंबायची घाई असते, ती करू नका. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एकच अक्षर लिहा. निवड चुकली असेल तर 'नि', चालवताना चूक झाली असेल तर 'चा'. 'चा' जास्त असतील तर सावकाश लिहा, पायऱ्या गाळू नका, उत्तर उलटं घालून ताडून बघा. 'नि' जास्त असतील तर धड्याची आणखी पन्नास उदाहरणं सोडवून काहीही होणार नाही. चिठ्ठ्यांकडे वळा. माझा अनुभव असा की या पेपरात ज्यांची गाडी अडते त्यांच्या कागदावर 'नि'च भरलेले असतात, आणि त्यांनी मेहनत मात्र सगळी 'चा'वर घेतलेली असते.

शंका विचारायला जाल तेव्हाही हे लक्षात ठेवा. "सर, हे उदाहरण सोडवून दाखवा" म्हणालात तर सर सोडवून दाखवतील, तुम्हाला ते समजेल, आणि तुम्ही होतात तिथेच राहाल. त्याऐवजी विचारा, "मॅडम, इथे हेच सूत्र आणि शेजारचं नाही, हे प्रश्नातल्या कुठल्या शब्दांवरून ओळखायचं?" समोरून "सराव केलात की आपोआप कळेल" असं उत्तर आलं, तर दोन्ही सूत्रांचं एकेक उदाहरण शेजारी ठेवून पुन्हा तेच विचारा.