वाटाणा सुरकुततो कशामुळे? वनस्पतींच्या जनुक-संशोधनाची पार्श्वभूमी

ग्रेगर मेंडेल यांचा वाटाण्यावरचा निबंध १८६६ साली छापून आला. संकरित झाडांना धरलेल्या दाण्यांत त्यांनी ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले मोजले, म्हणजे जवळजवळ तीनास एक. हा हिशोब जगाला पटायला १९०० साल उजाडले. पण दाणा सुरकुततो का, याचे उत्तर मिळायला आणखी नव्वद वर्षे गेली, आणि या शास्त्राचा खरा इतिहास मला त्या विलंबातच दिसतो.

कारण अभ्यास दोन वेगळ्या वाटांनी चालला होता. एकीकडे संकर करून पिढ्या मोजणारे, तर दुसरीकडे पेशीतली रसायने तपासणारे. या दोघांची सांगड घालण्याचा पहिला मोठा प्रयत्न केंब्रिजमध्ये म्युरिएल व्हेल्डेल यांनी केला. १९०७च्या सुमारास त्या स्नॅपड्रॅगनच्या फुलांचे रंग पिढ्यान्‌पिढ्या कसे उतरतात ते पाहत होत्या आणि त्याच वेळी त्या रंगद्रव्यांचे रसायनही शोधत होत्या. त्यांचे नाव आज फारसे कुणी घेत नाही, ही खरोखर खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

चयापचयाच्या, म्हणजे पेशीतल्या रासायनिक घडामोडींच्या, बाजूने मोठी झेप अमेरिकेतल्या बर्कलीत घेतली गेली. केल्विन, बेन्सन आणि बॅशम यांनी किरणोत्सारी कार्बन-१४ वापरून शेवाळात कार्बन डायऑक्साइडची साखर कशी होते, त्याचे टप्पे उलगडले. १९६१चे नोबेल मात्र एकट्या केल्विन यांना मिळाले. पुढे हॅच आणि स्लॅक यांनी उसातली निराळी वाट, म्हणजे सी-४ प्रकाशसंश्लेषण, मांडली.

वाटाण्याचा उलगडा १९९० साली इंग्लंडमधल्या जॉन इनेस संस्थेत झाला. दाण्यात स्टार्चच्या साखळीला फांद्या फोडणारे एक विकर (एन्झाइम) असते. सुरकुतलेल्या वाणात त्या विकराच्या जनुकात डीएनएच्या सुमारे ८०० अक्षरांचा परका तुकडा घुसलेला सापडला. विकर निकामी, म्हणून स्टार्च कमी बनतो आणि साखर साचून राहते. साखर जास्त म्हणून कोवळा दाणा पाणीही जास्त ओढतो. पिकून वाळताना ते पाणी उडून जाते आणि मोठे झालेले साल आत चुरमडते. घुसलेला तुकडा बार्बरा मॅक्‌क्लिंटॉक यांनी १९४०च्या दशकात मक्यात ओळखलेल्या ‘उड्या मारणाऱ्या’, म्हणजे जागा बदलणाऱ्या, जनुकांच्या कुळाशी मिळताजुळता होता. मॅक्‌क्लिंटॉक यांना नोबेल मिळाले ते थेट १९८३ साली.

त्यानंतर जीनोमचे, म्हणजे सजीवाचा सगळा डीएनए वाचण्याचे, युग आले. २००० साली मोहरीच्या कुळातल्या इवल्याशा अॅरॅबिडॉप्सिसचा जीनोम वाचून झाला आणि त्यात सुमारे २५,५०० जनुके निघाली. मात्र प्रयोगाने काम ठाऊक झालेली जनुके त्या वेळी जेमतेम नऊ टक्के होती. बाकीच्यांबद्दल साम्यावरून अंदाज बांधायचा किंवा तेही नाही. भाताचा पक्का आराखडा २००५ साली आला. गव्हात तीन पूर्वजांचे जीनोम एकत्र नांदतात आणि एकूण पसारा माणसाच्या पाचपट, त्यामुळे त्याला २०१८ उजाडले.

अक्षरे वाचता येणे आणि अर्थ लागणे यांतले हे अंतर आता चयापचयाच्या मदतीनेच कापले जात आहे. अफूच्या झाडात खोकल्यावरचे नॉस्कॅपिन बनते. ते घडवणारी दहा जनुके जीनोममध्ये एकमेकांना लागून असल्याचे २०१२ साली दिसून आले. एखाद्या रसायनाचे एक जनुक हाती लागले की उरलेली शेजारीच शोधून पाहायची, ही पद्धत तेव्हापासून चांगलीच रुळली आहे.