शटडाऊन करून चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे

ब्लूटूथचा माऊस दिसेनासा झाला, स्पीकरचा आवाज गेला, वायफायचं चिन्हच गायब झालं, की घरोघरी एकच सल्ला मिळतो: "बंद करून परत चालू कर." माणूस ऐकतो, शटडाऊन करतो, पाच मिनिटं थांबतो, चालू करतो. दुखणं जिथल्या तिथे! मग "बंद करून पाहिलं, तरी काही फरक नाही, फॉरमॅटच मारावं लागणार" असा निष्कर्ष निघतो. हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो, कारण संगणक खऱ्या अर्थानं बंद झालेलाच नसतो.

शटडाऊन कसा दिसतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पडदा काळा, पंखा थांबला, दिवा विझला. स्लीप आणि हायबरनेटवरही वेळ घालवत नाही. स्लीपमध्ये उघडलेलं काम रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत राहतं आणि थोडी वीज लागते. हायबरनेटमध्ये ते डिस्कवर लिहिलं जातं आणि वीज लागत नाही.

घोळ आहे तो शटडाऊन आणि रीस्टार्टमध्ये. लोक धरून चालतात की रीस्टार्ट म्हणजे शटडाऊन अधिक चालू करणं, फक्त बटण दाबायचे कष्ट वाचतात. राउटर, मोबाइल यांच्या बाबतीत व्यवहारात ते खरं आहे. विंडोज ७ पर्यंत संगणकाच्या बाबतीतही खरं होतं. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि त्याबरोबर 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. विंडोज १० आणि ११ मध्येही ती आहे आणि बहुतेक लॅपटॉपवर आधीपासूनच सुरू असते.

ही सोय चालू असताना शटडाऊन केलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, तुम्ही लॉगआउट होता. इथपर्यंत सगळं नेहमीसारखं. पण विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नल, आणि त्याच्यासोबत चालणारे ड्रायव्हर (ब्लूटूथ, स्पीकर, वायफाय अशी यंत्रं चालवणारे छोटे प्रोग्रॅम) यांना विंडोज बंद करत नाही. त्यांची आहे ती अवस्था 'हायबरफिल' नावाच्या फाइलमध्ये डिस्कवर लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच उचलून पुढे चालू करतं. म्हणून संगणक झटकन सुरू होतो. आणि म्हणूनच काल रात्री गोंधळलेला ब्लूटूथचा ड्रायव्हर आज सकाळी त्याच गोंधळासकट परत येऊ शकतो. रीस्टार्टमध्ये असं काही जपून ठेवलं जात नाही. कर्नल नव्यानं चढतो, ड्रायव्हर नव्यानं सुरू होतात.

नाव 'शटडाऊन' असलेलं बटण अर्धवट बंद करतं आणि नुसतं 'पुन्हा सुरू' म्हणणारं बटण पूर्ण बंद करतं, हे कुणालाही उलटं वाटेल. दोष वापरणाऱ्याचा नाही. मायक्रोसॉफ्टनं हे त्या बटणाशेजारी लिहायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.

विश्वास बसत नसेल तर स्वतः पाहा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा आणि 'अप टाइम' वाचा. रोज रात्री न चुकता शटडाऊन करणाऱ्यांच्या संगणकावरही तिथे कितीतरी दिवसांचा आकडा दिसतो. रीस्टार्ट मारा, आकडा शून्यापासून सुरू होईल.

शटडाऊननंतर प्लग काढून ठेवला तरी या बाबतीत फरक पडत नाही. ती फाइल डिस्कवर आहे, विजेवर नाही. पॉवरचं बटण दाबून धरून संगणक मारणं ही तर मला सर्वांत न पटणारी सवय. त्यानं पुढची सुरुवात कोरी होते खरी, पण तेव्हा डिस्कवर काही लिहिलं जात असेल तर फाइल खराब होण्याचा धोका असतो. संगणक पूर्ण गोठला असेल तरच ते करावं. आणि डेस्कटॉपवर राइट क्लिक करून 'रिफ्रेश' दाबत बसण्यानं फक्त आयकॉन पुन्हा रंगवले जातात, वेग वाढत नाही.

तेव्हा काही बिघडलं की आधी रीस्टार्ट, बाकी सगळं नंतर. अपडेट आल्यावरही रीस्टार्टच, कारण काही अपडेट त्याशिवाय पूर्ण होत नाहीत. रात्री संगणक पूर्ण बंदच करायचा असेल तर शिफ्ट दाबून धरून शटडाऊनवर क्लिक करा, त्या एका वेळेपुरता फास्ट स्टार्टअप टळतो.

एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क असेल तर मी ही सोय कायमची बंद करायला सांगतो. वाचणारे सेकंद थोडे आणि डोकेदुखी जास्त. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', मग वरची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही ओळ, आणि खाली 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'ची खूण काढून सेव्ह. जुनी हार्डडिस्क असेल तर राहू द्या, तिथे सुरू होण्यातला फरक खरंच जाणवतो. फक्त आठवड्यातून एकदा रीस्टार्ट मारा. त्याच संगणकावर उबुंटूही (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) असेल तर मात्र डिस्क कुठलीही असो, बंदच करा, नाहीतर उबुंटूमधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.