आषाढात दार फुगतं, चैत्रात धाव निसटते

आमच्या बेळगाव-शहापुरातल्या जुन्या घराचं मागचं दार मृगाचा पाऊस लागला की आठ-दहा दिवसांत रुसून बसतं. आधी नुसतं कुरकुरतं, मग खांद्याचा धक्का मागतं, आणि पुनर्वसू निघेपर्यंत कडी भोकात बसेनाशी होते. गेल्या वर्षी वैतागून मेस्त्रींना बोलावलं. त्यांनी दाराच्या कडेवरून हात फिरवला, पण रंधा काही पिशवीतून बाहेर काढला नाही. "आत्ता तासायचं नाही बगा, सर. आत्ता तासलं तर थंडीत फटीतनं मांजर आत येतंय की!" एवढं सांगून, चहा घेऊन ते गेले. पैसे घेतले नाहीत. दार मात्र होतं तसंच राहिलं.

त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, हे मला नंतर आकडेमोड केल्यावर पटलं.

झाड तोडून पन्नास वर्षं झाली तरी लाकडाचं पाणी पिणं थांबत नाही. लाकडात सेल्युलोजचे अतिशय बारीक तंतू असतात आणि बहुतेक सगळे खोडाच्या लांबीला धरून उभे असतात, उसाच्या मोळीसारखे. सेल्युलोजला पाण्याचं भारी वेड. हवेतली वाफ या तंतूंच्या मध्ये शिरते आणि त्यांना एकमेकांपासून दूर ढकलते. तंतूंची लांबी काही वाढत नाही. म्हणजे मोळी जाड होते, पण लांब होत नाही. म्हणूनच उभ्या फळ्यांचं दार रुंदीत फुगतं आणि उंचीला जवळजवळ तेवढंच राहतं. दार वरून किंवा खालून घासत असेल तर आधी संशय बिजागरीवर घ्यावा. स्क्रू ढिले होऊन दार कलंडलेलं असतं आणि दोष उगाच पावसाला जातो.

रुंदीतही दोन तऱ्हा आहेत. ओल्या सागवानाचा तुकडा पूर्ण वाळवला, तर खोडातल्या वर्षवर्तुळांच्या कडेकडेने तो सुमारे 5.8 टक्के आकसतो. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत मात्र 2.5 टक्केच. एकाच ओंडक्यातून काढलेल्या दोन फळ्यांपैकी एक शहाण्यासारखी राहते आणि दुसरी पन्हळीसारखी वाकते, ती यामुळेच. करवत ओंडक्यात कुठून फिरली यावर सगळा खेळ.

आता आमच्या दाराचा हिशोब. रुंदी 75 सेंटिमीटर, म्हणजे अडीच फूट. उन्हाळ्यात लाकडात ओल 12 टक्के होती आणि श्रावणापर्यंत ती 17 टक्क्यांवर गेली असं धरू. पाचच टक्क्यांचा फरक. जास्त फुगणाऱ्या दिशेने कापलेल्या सागवानी फळ्या असतील तर एवढ्यानेही दार जवळपास 7 मिलिमीटर रुंद होतं. सुताराच्या भाषेत दोन सुतांहून जास्त (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). आणि दार-चौकटीत फट ठेवलेली असते जेमतेम एक सूत! अडणार नाही तर काय?

लाकूड किती ओल धरणार हे ठरवते हवेची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेत मावेल त्याच्या किती टक्के वाफ प्रत्यक्षात आहे ते. 20 अंशांच्या हवेत घनमीटरमागे फार तर 17 ग्रॅम वाफ मावते, 30 अंशांच्या हवेत 30 ग्रॅम. आपल्याकडे पावसाळ्यात पारा उतरतो आणि वाफ वाढते, म्हणजे भांडं लहान आणि दूध जास्त. हवा 90 टक्के भरलेली असेल तर लाकडातली ओल हळूहळू 20 टक्क्यांकडे सरकते. 40 टक्क्यांवर ती आठच्या आसपास थांबते. रंग किंवा व्हार्निश ही वाट अडवत नाही, फक्त लांबवते. त्यामुळे चार दिवस ऊन पडलं तरी दार लगेच सुटत नाही.

आपल्या बेळगाव जिल्ह्याची गंमत अशी, की ही दोन्ही टोकं एकाच जिल्ह्यात सापडतात. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीत पाऊस मोजायचा नाही, सोसायचा. तेच ढग घाट चढताना रिकामे होतात आणि अथणीकडे पोचेपर्यंत त्यांच्याकडे फारसं काही उरत नाही. माझ्या बहिणीच्या लग्नात सागवानी कपाट खानापुरात करून घेतलं, तेही ऐन श्रावणात, आणि ते गेलं अथणीला. पुढच्या चैत्रात एका रात्री काडकन आवाज झाला. घरातले चोर समजून उठले, तर कपाटाच्या दारातली फळी वरपासून खालपर्यंत चिरलेली.

चूक लाकडाची नव्हती. जुने सुतार दार करताना बाहेर चौकट घालत आणि आतल्या फळीला चौकटीच्या खोबणीत नुसती बसवत. ना सरस, ना खिळा. फळी फुगली तर खोबणीत सरकते, आकसली तर मागे येते. जुन्या वाड्यांची दिल्हेदार दारं दिसायला नक्षीदार, पण मुळात ती लाकडाला श्वास घ्यायला ठेवलेली जागा आहे. आमच्या कपाटाची फळी 'खडखडते' म्हणून कुणीतरी हौसेने चारही बाजूंनी खिळे मारून ठेवले होते. आकसायला वाव नाही म्हटल्यावर ती फाटली.

फुगण्या-आकसण्याचा सर्वांत देखणा उपयोग मात्र दारात नाही, बैलगाडीच्या चाकात होता. लोहार चाकावर लोखंडी धाव, म्हणजे बाहेरची गोल पट्टी, चढवायचा, ते लहानपणी ज्यांनी पाहिलं असेल त्यांना तो जाळ आणि ती वाफ आठवत असेल. धाव मुद्दाम चाकापेक्षा थोडी लहान केलेली असते. गोवऱ्यांच्या आगीत ती लाल करतात. लोखंड दर अंशाला लांबीच्या दहा लाखांत सुमारे 12 भाग वाढतं. सव्वाचार-साडेचार मीटर घेराची धाव 500 अंशांनी तापवली की घेर साधारण इंचभर वाढतो. तेवढ्यात ती चाकावर ठोकून बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड आवळतं आणि आरे, मधला तुंबा सगळं करकचून जुळतं.

पण उन्हाळ्यात लाकूड आकसलं की तीच धाव खुळखुळायला लागते. मग काय, शेतकरी चाकं काढून ओढ्यात नाहीतर तळ्यात बुडवून ठेवायचे. एका रात्रीत लाकूड फुगून धाव पुन्हा घट्ट. लोखंडाला उष्णतेने आणि लाकडाला पाण्याने वाढवायचं, ही दोन निरनिराळी शास्त्रं एकाच चाकात वापरणाऱ्या त्या लोहार-सुतारांना भौतिकशास्त्राची पदवी द्यायला हरकत नव्हती.

वनस्पती तर मेल्यावरही हे काम करतात. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, पण आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, असं आपण म्हणतो. दिसो न दिसो, ओलीशी दोघांचं नातं एकच. माळावरच्या कुसळी गवताच्या बीला लांब शेपटी असते. तिच्यातले तंतू तिरके असल्यामुळे वाळताना ती पिळली जाते आणि दव पडलं की पीळ सुटतो. वाळणं-भिजणं असं चालत राहिलं की बी स्क्रूसारखं फिरत मातीत घुसतं. मातीऐवजी तुमचा पायमोजा सापडला तर त्यात घुसतं.

निपाणी भागातल्या तंबाखूवाल्यांना हवेतल्या ओलीचं हे शास्त्र हाताला माहीत असतं. भर दुपारी वाळलेल्या पानाला हात लावला तर चुरा होतो. पहाटेच्या दवात तेच पान मऊ पडतं, तेव्हाच ते उचलायचं. माणसाचा केसही ओल्या हवेत दोन-अडीच टक्क्यांनी लांबतो. 1783 साली जिनिव्हाच्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने यावरच आर्द्रता मोजायचं यंत्र मांडलं: एक ताणलेला केस आणि त्याला जोडलेला काटा. पुढे कित्येक वर्षं वेधशाळांत असली केसाची यंत्रं होती.

बरं, अडलेल्या दाराचं काय करायचं? घासते ती कड ओळखण्यासाठी फटीत जुना पोस्टकार्डाचा तुकडा फिरवा. तो जिथे अडतो तिथे पेन्सिलीने खूण करा. त्या जागी मेणबत्ती किंवा कोरडा साबण चोळा. पावसाळा निघायला एवढं बहुधा पुरतं. तासायचं ते पौष-माघात, आणि तेही खुणेपुरतंच. तासून उघडी पडलेली कड त्याच दिवशी रंगवा. सगळ्यात महत्त्वाचं, दाराची वरची आणि खालची धार रंगवा. ती कुणालाच दिसत नाही म्हणून रंगारी हमखास सोडतो. पण तंतूंची तोंडं तिथेच उघडी असतात आणि लाकूड तिथूनच सर्वांत झपाट्याने पाणी ओढतं. प्लायवूडमध्ये एकाआड एक थर आडवे-उभे चिकटवलेले असल्यामुळे ते एकमेकांना फुगू देत नाहीत. भुशाच्या दाबलेल्या फळीचं दार न्हाणीघराला लावलं असेल तर मात्र मेणबत्ती उपयोगाची नाही; ती एकदा फुगली की पुन्हा बसत नाही.

मेस्त्री संक्रांतीनंतर आले. मी पोस्टकार्डाची घडी करून फट मोजून ठेवली होती: अडीच सूत. त्यांनी खुणेवर रंधा दोनदाच मारला, वरची धार रंगवली, खालची रंगवण्यासाठी दार बिजागरीतून उतरवायला लावलं आणि या वेळी पैसे घेतले. यंदा पुनर्वसू अर्धा सरला तरी कडी बसते आहे. थोडी वर उचलून, पण बसते.