ओळखचिप, मानवी शरीरातील

माणसाच्या त्वचेखाली सुईने बसवलेली, ओळखक्रमांक साठवणारी इलेक्ट्रॉनिक चिप. आकार तांदळाच्या दाण्याएवढा : साधारण १२ मिलिमीटर लांब, २ मिलिमीटर जाड. बाहेरून शरीराला न बाधणाऱ्या काचेची कुपी, आत बारीक तारेचे वेटोळे आणि सिलिकॉनचा तुकडा. चिपमध्ये बॅटरी नसते. चिप वाचणारे यंत्र, म्हणजे रीडर, जवळ आला की त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे वेटोळ्यात किंचित वीज निर्माण होते, तेवढ्या बळावर चिप आपला क्रमांक कळवते आणि रीडर दूर जाताच बंद पडते. मोटारीच्या काचेवरचा फास्टॅग ज्या आरएफआयडी (रेडिओलहरींनी ओळख पटवण्याच्या) तंत्राने चालतो, त्याच तंत्राचा हा कमी पल्ल्याचा प्रकार आहे. फास्टॅग काही मीटरवरून वाचला जातो, हातातली चिप काही सेंटिमीटरवरून.

अशी चिप उपग्रहाशी बोलू शकत नाही. माणूस कुठे आहे हे तिला स्वतःला कळत नाही आणि दूरवर कळवायला तिच्याजवळ ऊर्जाही नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांच्या नव्या नोटेत ‘नॅनो जीपीएस चिप’ असल्याची बातमी पसरली होती. करोनाच्या साथीत लशीतून चिप टोचतात असे सांगणारे संदेश घरोघरच्या मोबाइलवर फिरले. दोन्ही गोष्टी खोट्या होत्या. ओळखचिप टोचायची सुई लशीच्या सुईपेक्षा कितीतरी जाड असते, टोचून घेणाऱ्याला न कळता ते काम होणारच नाही. अफवा बाजूला सारणे गरजेचे आहे, कारण धोका खराच आहे, पण तो दुसरीकडे आहे. चिपमध्ये असतो फक्त क्रमांक; त्या क्रमांकापुढची माहिती असते कोणाच्या तरी नोंदवहीत. कोणत्या दारावर, कोणत्या यंत्रावर, किती वाजता हा क्रमांक वाचला गेला, हे ती नोंदवही ठेवणाऱ्याला कळते. दारे वाढत गेली की माणसाचा दिवसभराचा माग आपोआप लिहिला जातो.

हे तंत्र आधी जनावरांसाठी आले. कुत्र्या-मांजरांच्या मानेच्या मागे बसवायच्या चिपमध्ये आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १५ अंकी क्रमांक असतो. पाळीव कुत्रा युरोपात न्यायचा तर ती लागतेच. केरळातल्या पाळीव हत्तींनाही चिप बसवल्या गेल्या आहेत. माणसांमध्ये पहिली ठळक उदाहरणे कलावंत आणि संशोधकांची. ब्राझीलचे कलावंत एदुआर्दो काक यांनी १९९७ मध्ये साओ पावलो येथे जनावरांचीच चिप आपल्या घोट्यात बसवून घेतली. २४ ऑगस्ट १९९८ रोजी इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाचे प्राध्यापक केव्हिन वॉरविक यांच्या दंडात चिप बसवण्यात आली. ते जवळ आले की विभागाची दारे उघडत, दिवे लागत. काही दिवसांनी त्यांनी ती काढून घेतली.

व्यापारी रूप आणले फ्लोरिडातील ‘व्हेरिचिप’ या चिपने. ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वैद्यकीय वापरासाठी तिला मान्यता दिली. कल्पना अशी : रुग्ण बेशुद्ध आला, तर दंडावर रीडर फिरवायचा, १६ अंकी क्रमांक वाचायचा आणि त्यावरून त्याचे आजार व औषधे शोधायची. हेतूत वावगे काही नव्हते. त्याच वर्षी मेक्सिकोच्या महान्यायवादींनी आणि त्यांच्या काही कर्मचाऱ्यांनी सुरक्षित दालनात प्रवेशासाठी ती टोचून घेतली. बार्सिलोनाच्या एका नाइट क्लबने खास ग्राहकांना ती देऊन पेयांचे पैसेही तिच्यावरून वळते केले. मात्र सर्वसामान्य रुग्ण तिच्याकडे फिरकले नाहीत. २००७ मध्ये उंदीर-घुशींवरील काही जुन्या प्रयोगांत चिपच्या आसपास गाठी आढळल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. माणसांत तसे घडल्याचे त्यावरून सिद्ध होत नव्हते, पण विश्वास ढळला. २०१० मध्ये ही चिप बाजारातून गेली.

या इतिहासातली सर्वांत मोलाची नोंद हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. जॉन हलामका यांची आहे. त्यांनी २००४ च्या डिसेंबरात स्वखुशीने व्हेरिचिप बसवून घेतली. पुढे २००६ मध्ये तेच अशा एका शोधनिबंधाचे सहलेखक झाले, ज्यात या चिपची हुबेहूब नक्कल सहज करता येते हे दाखवले होते. निबंधाने काढलेला निष्कर्ष मात्र अनपेक्षित होता : नक्कल होऊ शकते हे चांगलेच आहे. ओळख सांगणे आणि ओळख सिद्ध करणे ही दोन वेगळी कामे आहेत. बेशुद्ध माणूस कोण, एवढे सांगायला चिप पुरेशी आहे. तिथे फसवून कोणाला फारसे मिळवायचे नसते. पण तिलाच तिजोरीची किल्ली केले आणि नक्कल अशक्य करून ठेवली, तर चोराला माणसाचा हातच हवा होईल. ही भीती काल्पनिक नव्हती. २००५ मध्ये मलेशियात बोटाच्या ठशावर सुरू होणारी मोटार पळवताना चोरांनी मालकाचे बोट कापून नेले होते. शरीराला किल्ली करू नये, हा या विषयातला सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे आणि तो चिप टोचून घेतलेल्या डॉक्टरांकडून आला म्हणून त्याचे वजन अधिक.

पुढची लाट मोबाइलमधील एनएफसी तंत्रावर (दोन उपकरणे अगदी जवळ आणून माहिती देण्याघेण्याच्या) आधारलेली. चिप अंगठा आणि तर्जनी यांमधल्या मांसल भागात बसते. स्वीडनमध्ये काही हजार लोकांनी ती घेतली. तिथल्या ‘एसजे’ रेल्वेने २०१७ मध्ये हातातल्या चिपवर तिकीट तपासायची सोय केली. सिडनीतल्या एकाने प्रवासाच्या ओपल कार्डातली चिप काढून हातात बसवली आणि दंड ओढवून घेतला. वैद्यकीय बाजू थोडक्यात : जंतुसंसर्ग, चिप जागेवरून सरकणे, काच फुटणे, एमआरआयच्या वेळी अडचण. हे धोके लहान आहेत. मात्र तंत्र जुने झाले तर कार्ड फेकता येते, चिप काढायला किंवा बदलायला पुन्हा त्वचा छेदावी लागते.

‘ज्याला हवी त्याने घ्यावी’ हे उत्तर सोपे वाटते, पण नाही म्हणायची ताकद सर्वांकडे सारखी नसते. २००७ मध्ये फ्लोरिडात अल्झायमरच्या सुमारे २०० रुग्णांना चिप बसवण्याची योजना पुढे आली तेव्हा आंदोलने झाली, ती याच मुद्द्यावर. घरचा रस्ता विसरणाऱ्या आईच्या काळजीने मुलाला चिप हवीशी वाटणे समजण्यासारखे आहे. पण रस्ता चुकलेल्या आईला ही चिप शोधून देणार नाही. ती सापडल्यावर कोणाजवळ रीडर असला तरच उपयोग. ते काम फोन नंबर लिहिलेले हातातले कडे आज करते. शरीरावर खूण करण्याचा अनुभव भारतालाही आहे. कंपनी सरकारच्या काळात बंगाल आणि मद्रास इलाख्यांत जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदवत. ही प्रथा १८४९ मध्ये बंद झाली. खूण नेहमी कैद्याच्या कपाळावर पडली, न्यायाधीशाच्या नव्हे. चिपची सक्ती झाली तर तीही आधी कैदी, स्थलांतरित, कंत्राटी कामगार यांच्यावरच होईल.

महाराष्ट्रात हा प्रश्न परका नाही. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिला गेला. राबून बोटे झिजलेल्या मजुराचा ठसा रेशन दुकानातल्या यंत्रावर उमटत नाही, तेव्हा न झिजणारी चिप कोणाला तरी उपाय वाटू शकते. पण तिथे माणूस अडतो तो ठशाच्या दोषामुळे जितका, तितकाच यंत्र नाही म्हणाल्यावर दुकानदाराजवळ दुसरा मार्ग नसल्यामुळे. चिपने तो मार्ग उघडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या सेल्वी निकालात संमतीवाचून नार्को चाचणी करण्यास मनाई केली आणि २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. सक्तीच्या चिपला विरोध करायला हे दोन निकाल पुरेसा आधार देतात, पण त्यासाठी आधी कोणाला तरी न्यायालयात जावे लागेल.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने २००६ मध्येच चिपची सक्ती बेकायदा ठरवली. दंड १०,००० डॉलरपर्यंत आणि उल्लंघन चालू राहील तो प्रत्येक दिवस वेगळा गुन्हा. त्याच राज्यातल्या रिव्हर फॉल्स गावी १ ऑगस्ट २०१७ रोजी ‘थ्री स्क्वेअर मार्केट’ कंपनीच्या चाळीसहून अधिक कर्मचाऱ्यांनी कंपनीच्या खर्चाने चिप टोचून घेतली, दारे उघडायला आणि खाऊचे पैसे भरायला. सर्वजण स्वेच्छेने आले होते. पगार देणाऱ्याने पुढे केलेली सुई नाकारणे किती सोपे असते, हे त्या कायद्याला मोजता येत नाही. म्हणून भारतात कायदा करताना सक्तीवरची बंदी पुरेशी नाही. मालकाने वा सरकारी कार्यालयाने चिप देऊ करण्यावरच बंदी हवी, चिप नसलेल्यासाठी प्रत्येक दारावर दुसरी सोय हवी आणि ज्याने बसवली त्याच्याच खर्चाने, कारण न विचारता, ती काढून घेण्याचा हक्क हवा.